नमुन्याबरहुकूम

"हे टॅपेट न्हवं, चाचा," मी म्हणालो.

इलाही मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्यांनी चालू इंजिनाच्या झाकणावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून घेतले. बॉनेटखालून टिक टिक टिक टिक असा शिवणाच्या मशीनसारखा आवाज येत होता. वर पत्र्यावर पाऊस बडवत होता, तरी तो वेगळा ऐकू येत होता. टॅपेट म्हणजे इंजिनाच्या झडपा हलवणारा खटका, तो सैल झाला की असाच वाजतो.

"टॅपेटच हाय," डोळे मिटूनच चाचा म्हणाले. "तू लेथवाला. तुला काय कळतंय यातलं?"

मी म्हटलं, तीनदा टॅपेट बसवून झालं न्हवं तुमचं, मग आवाज जाईना कसा? त्यांनी इंजिन बंद केलं, कापडानं हात पुसले आणि मला चहा आणायला पिटाळलं. उत्तर नसलं की चाचांना चहा लागायचा.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालच्या श्रावणातली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाचांचं गॅरेज गल्लीच्या टोकाला, आणि त्यांच्यापासून तिसरं दुकान आमचं, मगदूम टर्निंग वर्क्स. वडील थकल्यावर लोखंड कातायचं लेथ मी बघत होतो. वय एकोणतीस, नाव जिनपाल, आणि स्वभाव म्हणाल तर भलता चौकस. दुसऱ्याच्या दुकानात काय चाललंय हे बघून आल्याशिवाय मला चहा गोड लागायचा नाही. बायको म्हणायची, तुमच्या डोक्यात किडा हाय, तो तुम्हाला एका जागी बसू देत न्हाई. खरंच होतं ते. पण ज्या एका वेळी तो किडा वळवळायला हवा होता, नेमका त्याच वेळी तो गाढ झोपला होता. त्याचीच ही हकिकत.

गाडी होती कुमुदिनीबाई सरनोबतांची. निळी, जपानी, अठ्ठ्याहत्तर सालची. बाईंचे यजमान जहाजावर इंजिनिअर होते, त्यांनी ती तिकडनं आणलेली. ते वारले आणि बाईंनी स्टिअरिंग हातात घेतलं. बाई स्वतः पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होत्या, धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढून रिटायर झालेल्या. वय सदुसष्ट. राधानगरीच्या अलीकडं त्यांची काजूची बाग होती. दर गुरुवारी सकाळी त्या एकट्या गाडी घेऊन बागेत जायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या. त्यांच्या पेठेत त्या वयाची गाडी चालवणारी दुसरी बाई नव्हती, आणि बाईंना त्याचा रास्त अभिमान होता.

पण तीन आठवड्यांपूर्वी त्यांच्या मुलानं, रणधीर वकिलांनी, किल्ली काढून घेतली होती. रविवारी निपाणीचं गिऱ्हाईक गाडी बघायला येणार होतं. त्याआधी ही टिकटिक तेवढी बंद करा, असं सांगून वकील गाडी चाचांच्या दारात लावून गेले होते. आज बुधवार होता.

मी चहा घेऊन आलो तर दारात रिक्षा उभी, आणि बाईच छत्री मिटत उतरत होत्या. चाचांनी घाईनं स्टूल पुसून पुढं केलं. बाई बसल्या नाहीत. आधी गाडीपाशी गेल्या, बॉनेटच्या कडेवरनं हात फिरवला, मग येऊन बसल्या. पांढरी सुती साडी, डोळ्यांवर जाड काचा, आणि खिशाला पेन लावायची सवय असलेल्या माणसाचा हात ब्लाउजच्या काठाशी उगाच चाचपत होता.

मी चौकशी सुरू केली. दुसरं मला येतंय काय? किल्ली का काढून घेतली, हे चाचांनी अर्धंमुर्धं सांगितलं होतं. बाईंनी ते स्वतःच्या तोंडानं, एखाद्या कामाचा अहवाल द्यावा तसं सगळं सांगितलं. पाऊस सुरू झाल्यापासनं हे चाललं होतं. बागेत पोचेपर्यंत डोकं जड व्हायचं, मळमळायचं. बागेत दोन तास फिरलं की उतरायचं. परतीच्या वाटेवर पुन्हा तेच. शब्द आठवायचे नाहीत. एकदा पेट्रोल पंपावर स्वतःचं आडनाव सांगायला वेळ लागला. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले वयानुसार होतं असं, गोळ्या घ्या.

"उन्हाळ्यात व्हायचं का असं?" मी विचारलं.

नाही म्हणाल्या. उन्हाळ्यात ठणठणीत होते. म्हणूनच तर भीती वाटते, म्हणाल्या, दोन महिन्यांत एवढी घसरण.

चाचांनी दिलेला चहा त्यांनी हातात तसाच धरला होता.

"गाडी जाईल याचं मला फारसं काही नाही, मगदूम," बाई म्हणाल्या. "पण त्या दिवशी हळदी गावच्या पुलावर मी गाडी थांबवली आणि कोल्हापूर पुढं आहे की मागं, हे मला कळेना. त्या नदीचे नकाशे मी माझ्या हातानं काढलेत. दुधाच्या गाडीवाल्यानं मला घरी आणून सोडलं. आज पूल, उद्या घरातली माझी खोली मला सापडली नाही तर?"

चाचा खाली बघत राहिले. जाताना बाईंनी त्यांना एवढंच सांगितलं, की गिऱ्हाईकाला गाडी निर्दोष द्या, आमच्या घरातनं खोटा माल गेला असं नको.

त्या गेल्या आणि माझ्या डोक्यातला किडा जागा झाला. उन्हाळ्यात नाही, पावसाळ्यातच. बागेत नाही, गाडीतच. हे कसलं म्हातारपण? म्हातारपण काय गुरुवार बघून येतंय? बायकोला जेवताना म्हटलं, तर ती म्हणाली, तुम्ही डॉक्टर कधी झालासा?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाचांकडनं किल्ली मागितली. आवाज रस्त्यावर कसा येतोय बघून येतो म्हटलं. चाचा म्हणाले, तुला कामंधंदे न्हाईत का? पण दिली. धो धो पाऊस. मी चारी काचा वर घेतल्या आणि राधानगरी रस्त्याला लागलो. गाडी फार गुणाची. चढाला जरा जोर लावला की टिकटिक वाढायची, एवढंच. हळदीपर्यंत गेलो, पूल बघितला, गाडी वळवली.

परत येताना जांभया सुरू झाल्या. एक झाली, दुसरी झाली, मग थांबेचनात. कपाळावर कुणी पट्टी आवळल्यासारखं वाटायला लागलं. तोंडाला आंबट पाणी सुटलं. मला वाटलं सकाळी नाष्टा केला नाही त्याचं असेल. रंकाळ्यापाशी आलो आणि डावीकडं वळलो. थोडं पुढं गेल्यावर लक्षात आलं की हा आपला रस्ताच नव्हे. लहानपणापासनं ज्या तळ्याकाठी हिंडलो, तिथं मी मेंढरासारखा इकडं तिकडं बघत होतो.

गाडी कडेला घेतली, दार उघडलं आणि पावसात उभ्या उभ्या ओकलो. दहा मिनिटं तसाच भिजत राहिलो. थंड वारा लागला, डोकं हळूहळू मोकळं झालं. आणि मग मनात आलं, माझं वय एकोणतीस. मला हे कशानं झालं?

काचा खाली करूनच गाडी गॅरेजात आणली. चाचा जेवायला घरी गेले होते. मी बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं आणि आमच्या दुकानातल्या महावीरांच्या तसबिरीपुढची उदबत्ती घेऊन आलो. इंजिनात जळलेला वायू गोळा करून सायलेन्सरकडं नेणारा एक बिडाचा जाड हात असतो, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. त्याच्या कडेकडेनं मी उदबत्ती फिरवत गेलो. वरच्या अंगाला धूर सरळ जात होता. खालच्या अंगाला, इंजिनाच्या बाजूला जिथं माणसाची नजर पोचत नाही, तिथं नेली आणि धूर एकदम फेकला गेला. पुन्हा फेकला गेला. टिक झालं की धूर उडायचा. बोटभर पुढं सरकवली, तिथंही तसंच. अशा चार जागा मिळाल्या. बाईंच्या गाडीतला आवाज टॅपेटचा नव्हता, जळका वायू बाहेर पडत होता. आणि डॅशबोर्डखालच्या पत्र्यात जुन्या नळीचं रबर गळून पडलेलं एक भोक होतं. काचा बंद असल्या की तो सगळा वायू तिथनं आत.

इंजिन बंद करून मी दाढीचा आरसा खाली घातला आणि बॅटरीच्या उजेडात बघितलं. चार षटकोनी डोक्यांची बुचं होती. प्रत्येकाच्या मधोमध दाभण जाईल एवढं भोक. आणि डोक्याच्या कडेला दोन बारीक रेघांची खूण.

उद्यमनगरात प्रत्येक टर्नरची आपली खूण असते. दोन रेघांची खूण माझी.

मी खाली फरशीवरच बसलो.

शिमग्याच्या सुमाराला चाचांनी मला एक नमुना पाठवला होता. चिंधीत गुंडाळलेला एक जुना, गंजका, पोकळ तुकडा, बाहेरून स्क्रूसारखे आटे पाडलेला. निरोप एवढाच, असे चार कर, आटे नीट घे. आमच्याकडं कामाची रीतच ती. नमुना आणायचा, माल घेऊन जायचा. कागद नाही, नकाशा नाही, आणि कशाला पाहिजे म्हणून विचारणं तर हलकेपणाचं. ज्याला विचारावं लागतं त्याला काम येत नाही, असं आमचे वडील म्हणायचे. नमुन्यात जे दिसेल ते मालात आलं पाहिजे, खाच असेल तर खाच, भोक असेल तर भोक. नमुन्याबरहुकूम माल देणारा म्हणून आमच्या दुकानाचं नाव होतं. ते भोक पाडताना माझी दोन ड्रिलं मोडली. तरी मी चारही बरोबर मधोमध पाडली आणि चाचांना मोठ्या दिमाखात नेऊन दिली. मी, जो दुसऱ्याच्या ताटातली भाजी कशाची हे विचारल्याशिवाय राहत नाही, त्यानं हे कशाला पाहिजे एवढं विचारलं नाही.

चाचा जेवून आले. मी आरसा त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाकून बघितलं, कंबर धरून उठले आणि स्टुलावर बसले. मग सगळं बाहेर आलं. जपानात म्हणे धुराचा कायदा कडक. त्या गाडीला एक छोटा हवेचा पंप होता, तो मॅनिफोल्डात ताजी हवा फुंकायचा म्हणजे उरलेला वायू आतच जळून जावा. इकडं तो पंप केव्हाच जाम झाला. त्याचा पट्टा मिळेना, नळ्या गंजून गेल्या. तेव्हा चाचांनी शिमग्यात तो सगळा पसारा काढून टाकला आणि उघडी पडलेली चार तोंडं बंद करायला बुचं मागवली. नमुना म्हणून पाठवला तो नळीचाच पोकळ तुकडा, कारण आटे त्याच मापाचे होते.

"भोक दिसलं न्हाई का चाचा तुम्हाला?" मी विचारलं.

"दिसलं की."

"मग?"

"मला वाटलं, जिनपालनं ठेवलंय म्हंजे त्याला ठाऊक असणार. काय तरी गरज असंल." चाचांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आणि तुला रं?"

"मला वाटलं तुम्हाला ठाऊक असणार."

एवढ्या वर्षांची ओळख, दोन हातांवर दुकान, दिवसातनं चारदा चहा. आणि एवढं एक वाक्य कुणी बोललं नव्हतं.

चाचांचं म्हणणं सरळ होतं. भरीव बुचं कर, ती बसवू, रबर बसवू, आवाज जाईल. रविवारी गाडी निपाणीला जाईल. कुणाला काय कळायचं कारण नाही. दोन दुकानांचं नाव राहील. मी म्हटलं, आणि बाईंचं काय? चाचा म्हणाले, बाई आता गाडीत बसणार न्हाईत, मग त्रास बी व्हायचा न्हाई. अल्ला त्यांना बरं ठेवू दे.

खोटं कशाला सांगू, मला ते पटलं. कुणीतरी मला गप्प बसायला सांगावं असंच वाटत होतं. शुक्रवारी मी पोलादाची चार भरीव बुचं केली, तांब्याच्या चकत्या कापल्या. चाचांनी मॅनिफोल्डचे आटे साफ केले, बुचं आवळली आणि डॅशबोर्डखालच्या भोकाला रबर बसवलं. इंजिन चालू केलं तर गाडी बसल्या जागी गुणगुणायला लागली. टिकटिक गायब. मी उदबत्ती फिरवली, धूर सुतासारखा सरळ. मन हलकं झालं.

तेवढ्यात रणधीर वकील आले. इंजिन ऐकून खूष झाले. माणूस वाईट नव्हता हो. आईवर त्यांचा जीव होता, म्हणूनच घाबरला होता. उभ्या उभ्या त्यांनी सांगितलं की आईची खोली वरच्या मजल्यावरनं खाली आणतोय, दिवसभर सोबतीला एक बाई ठेवतोय, आणि पुण्याचे मेंदूचे डॉक्टर बघून स्मरणशक्तीच्या गोळ्या सुरू करणार आहेत. आईही आता काही म्हणत नाही, म्हणाले. हो म्हणते सगळ्याला.

ते हो म्हणते ऐकलं आणि मी हातातली उदबत्ती विझवून टाकली. बाईंना आम्ही गाडीतनं उतरवलं होतंच, आता त्यांच्या डोक्यावरचा त्यांचा भरवसाही काढून घेत होतो. बुचं बदलून तो परत येणार नव्हता.

शनिवारी सकाळी आंघोळ करून मी चाचांना फक्त सांगितलं, मी बाईंकडं निघालोय, तुमचं नाव घेत न्हाई. त्यांनी मान हलवली. रागावले असतील असं वाटलं. बाईंच्या घराच्या पायऱ्यांशी पोचलो तर चाचा माझ्या आधी तिथं उभे. दाढी केलेली, धुतलेली टोपी.

"बशिवली म्या," ते म्हणाले. "तू नुसती कातलीस. चल."

बाई आणि वकील दोघंही घरात होते. मी जुनी चार बुचं टेबलावर ठेवली आणि उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. हळदीपर्यंत गेलो तेही, ओकलो तेही, रंकाळ्यावर रस्ता चुकलो तेही. वायूनं माणसाचं डोकं कसं धरतं हे मला नीट सांगता येईना, पण जे माझं झालं ते सांगितलं. भोक मी पाडलं, म्हटलं. चाचा लगेच म्हणाले, लावलं म्या, बघून लावलं.

वकिलांचा चेहरा आधी कोराच राहिला. मग लाल झाला.

"म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून माझ्या आईला दोन महिने विष पाजलंत."

"व्हय," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

ते बरंच बोलले. पोलीस, कोर्ट, लायसन. सगळं आम्ही ऐकून घेतलं. बाईंनी मात्र एक बूच उचललं, खिडकीकडं धरलं आणि एक डोळा मिटून आत बघितलं.

"कागद आण," त्या मुलाला म्हणाल्या. "आणि पेन्सिल. एच-बी नको, टू-एच."

वकील थांबले. पेन्सिल आली. बाईंनी चष्मा सारखा केला आणि काढायला लागल्या. मॅनिफोल्डचा छेद, चार तोंडं, त्यात बूच. पट्टी नाही, काही नाही, हातानंच. पंप कुठं होता, नळी कुठनं जायची, डॅशबोर्डखालचं भोक कुठं, हे त्या स्वतःशी पुटपुटत काढत होत्या. यजमानांनी वीस वर्षांपूर्वी एकदा बॉनेट उघडून दाखवलेलं त्यांना जसंच्या तसं आठवत होतं. शेवटी त्यांनी दोन बुचं शेजारी शेजारी काढली. एकाच्या मधली जागा मोकळी ठेवली. दुसऱ्यात तिरप्या रेघा मारल्या, सगळ्या एका अंतरावर, एका कोनात.

"रेघा मारल्या म्हणजे भरीव," त्या मला म्हणाल्या. "एवढा कागद मिस्त्रींनी दिला असता तर तुम्ही भोक पाडलं असतं का?"

"न्हाई, बाई."

मी वकिलांकडं बघितलं. ते आमच्याकडं बघत नव्हते. ते आईच्या हाताकडं बघत होते. त्या रेघा बघत होते.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"दोन महिने झाले," त्या म्हणाल्या, आणि त्या मुलाशी बोलतायत का आमच्याशी, हे कळेना, "रोज सकाळी जाग आली की मी डोळे उघडायच्या आधी तुमच्या सगळ्यांची नावं म्हणून बघत होते. नातवंडांची, सुनांची, तुझ्या बाबांचं. एक जरी अडलं तर उठायचंच नाही, असं ठरवलं होतं."

वकील त्यांच्या खुर्चीशी खाली बसले आणि त्यांनी आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. एवढा मोठा काळा कोट घालणारा माणूस. चाचांनी माझी बाही ओढली. आम्ही दोघं न सांगताच बाहेर आलो आणि पायऱ्यांवर बसलो. चाचा टोपीनं डोळे पुसत होते. मी पुसले नाहीत, वाहू दिले.

निपाणीच्या गिऱ्हाईकाला वकिलांनी फोन करून नको म्हटलं. डॉक्टरांना सगळं सांगितलं, त्यांनी पुन्हा तपासलं, गोळ्या बंद केल्या. पुढच्या गुरुवारी बाई बागेत निघाल्या. वकील शेजारी, मी मागं. मला मुद्दाम बोलावलं होतं. चारी काचा वर घ्यायच्या, बाईंचा हुकूम. जाताना येताना वकील त्यांना पाढे विचारत होते, एकोणतीसचा, सत्तावीसचा. बाई भराभर म्हणत होत्या आणि मधेच माझ्याकडं आरशात बघून विचारायच्या, मगदूम, जांभई आली का? घरी येऊन गाडी लावली तेव्हा त्यांनी किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली. वकिलांनी ती परत मागितली नाही.

आमचं नाव गेलंच. वकिलांनी कोर्टात कुणाला तरी सांगितलं, तिथनं ते उद्यमनगरात यायला किती वेळ? वर्षभर जो येईल तो म्हणायचा, मगदूम, भोक पाडू नकोस बरं का. मी हसायचो. पण तेव्हापासनं नमुना हातात आला की मी आधी विचारतो, हे कशाला पाहिजे? काही लोक चिडतात. चिडू देत.

बाई पुढं जवळजवळ आठ वर्षं गाडी चालवत होत्या. त्या आठ वर्षांत चाचा गेले, माझे केस पांढरे व्हायला लागले. दोन हजार सहा साली, माघात, एका सकाळी निळी गाडी माझ्याच दुकानापुढं येऊन थांबली. बाई पंचाहत्तरीच्या झाल्या होत्या. हळूच उतरल्या आणि आत आल्या.

"गाडी तपासा, मगदूम," म्हणाल्या. "गुरुवारी बागेत पोचले आणि कशाला आले तेच आठवेना. काल धाकट्या नातीला दुसऱ्याच नावानं हाक मारली."

"काचा बंद होत्या काय, बाई?"

"उघड्या होत्या. पण तुम्ही बघा."

मी हातातलं काम बाजूला सारलं. मॅनिफोल्ड बघितला, बुचं काढून पुन्हा लावली. सायलेन्सर टोकापर्यंत बघितला. साबणाचं पाणी करून प्रत्येक जोडाला लावलं, बुडबुडा येतो का बघत बसलो. डॅशबोर्डखाली आडवा होऊन पत्रा चाचपला. इंजिन चालू ठेवून, काचा लावून तासभर आत बसून राहिलो, डोकं धरतंय का म्हणून. देवाची शपथ घेऊन सांगतो, गाडीत काहीतरी दोष निघावा म्हणून एवढी करुणा मी कधी भाकली नव्हती. दुपार टळली. कुठंच काही नव्हतं. गाडी नव्या नवरीसारखी होती.

हात पुसत बाहेर आलो. बाई सकाळपासनं तिथंच बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांना समजलं.

"असू दे, मगदूम," त्या म्हणाल्या. "यावेळी तुमचं काही चुकलेलं नाही."

मग किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "रणधीरला तेवढा फोन लावा. मला घरी न्यायला ये म्हणावं."